मापाखालचा दिवा

एखाद्या मुलीची स्तुती करताना आपल्याकडे वाक्य क्वचितच पूर्ण होते. ‘मुलगी हुशार आहे’ असे म्हणून माणसे थांबत नाहीत. पुढे एक ‘पण’ येतो. हुशार आहे, पण हट्टी आहे. हुशार आहे, पण उलट विचारते. हुशार आहे, पण जरा जास्तच हुशार आहे. मुलाची स्तुती मात्र पूर्णविरामाशी सुखाने थांबते. हा ‘पण’ कोठून येतो आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आपल्या घरांत त्याला जागा असावी काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो प्रश्न मूळ आमचाही नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलीने तो आमच्यापुढे ठेवला.

ही मुलगी आमच्या थोरल्या बहिणीची नात. हे कुटुंब नव्या मुंबईत करावे गावाच्या कडेला राहते. करावे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, शेतजमिनींवर हळूहळू शहर उभे राहिले आणि बाहेरगावाहून आलेली अनेक कुटुंबे या गावाशेजारच्या इमारतींत राहू लागली. त्यांत आमचीही मंडळी आली. येथेच खाडीच्या बाजूस ‘चाणक्य’ ही नाविक प्रशिक्षणाची निवासी संस्था १९९३ पासून आहे. तिची परंपरा १९२७ साली सुरू झालेल्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण-जहाजापर्यंत मागे जाते. डफरिनवर मुलीला पाऊल ठेवता येत नव्हते. चाणक्यमध्ये आता मुलीही शिकतात. त्या संस्थेच्या कुंपणावरून रोज शाळेला जाणाऱ्या या मुलीला आपणही घरापासून दूर, वसतिगृहात राहून शिकावे असे वाटू लागले, यात नवल नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर घरात बैठक बसली. आईला मुलगी लहान वाटत होती, वडिलांपुढे खर्चाचा हिशेब होता. आजी, म्हणजे आमची बहीण, खिडकीशी गप्प बसली होती. बोलता बोलता कोणीतरी म्हणाले, “हुशार आहे हो, पण जरा जास्तच हुशार आहे. बाहेर गेली तर हाताबाहेर जाईल.” मुलगी उठून आत गेली आणि एक पुस्तक घेऊन बाहेर आली. ते आमच्या हातात देत ती म्हणाली, “आजोबा, हे वाचा आणि मला सांगा, ही मुलगी चुकली का?”

पुस्तक अमेरिकेचे होते. ई. लॉकहार्ट या लेखिकेने किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘द डिसरेप्युटेबल हिस्टरी ऑफ फ्रँकी लँडाउ-बँक्स’. ‘फ्रँकीच्या बदलौकिकाचा इतिहास’ असे आपण म्हणू. फ्रँकी ही पंधरा वर्षांची मुलगी एका प्रतिष्ठित निवासी शाळेत शिकते. घरचे तिला लाडाने सशाचे पिल्लू म्हणतात आणि ती अजून तशीच आहे असे धरून चालतात. त्या शाळेत मुलांची एक जुनी गुप्त मंडळी आहे. फ्रँकीचे वडील एके काळी तिचे सभासद होते, तिचा मित्र आज तिचा एक प्रमुख आहे. फ्रँकीला मात्र तेथे प्रवेश नाही, कारण ती मुलगी आहे. मग ती मंडळीच्या दुसऱ्या प्रमुखाच्या नावाने खोटे ई-पत्र-खाते उघडते आणि त्या नावाने मुलांना आज्ञा सोडू लागते. मुले त्या आज्ञा निमूट पाळतात. शाळाभर गाजणाऱ्या खोड्या घडतात, आणि त्या साऱ्यांमागचे डोके एका मुलीचे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ज्याचे नाव तिने वापरले तो मुलगा ते श्रेय गुपचूप स्वीकारतो. पुढे त्याच्यावरच शाळेतून काढले जाण्याची पाळी येते, तेव्हा फ्रँकी मुख्याध्यापकांना पत्र लिहून सारी जबाबदारी आपल्यावर घेते. तिची बुद्धी पाहून तिचा मित्र कौतुक करील असे तिला वाटले होते. तो संतापतो आणि तिला सोडून जातो.

फ्रँकी चुकली का? पहिले उत्तर देणे आम्हांला सोपे गेले. आठवी आज्ञा सत्याच्या पालनाची आहे. दुसऱ्याचे नाव धारण करून आज्ञा सोडणे हे खोटेपण आहे, आणि हेतू कितीही चांगला असला तरी खोटेपण चांगले ठरत नाही, असे आपली धर्मशिक्षणाची पुस्तके सांगतात. शिवाय तिच्या खेळात दुसराच मुलगा अडचणीत आला. चुकली, असे आम्ही म्हणणारच होतो. परंतु एका गोष्टीने आम्हांला थांबविले. फ्रँकीच्या खोटेपणाच्या आधी त्या गोष्टीत आणखी एक खोटेपण आहे, आणि ते तिचे नाही. ती बुद्धिमान आहे हे सत्य होते. त्या सत्याला उघडपणे उभे राहावयास जागा नाही, असे तिला सर्वांनी मिळून शिकविले होते. जी मुलगी आपले शहाणपण झाकावयास शिकते, ती फसविण्याचा पहिला धडा तेथेच गिरविते. मग तिने दुसरा धडाही शिकला तर दोष केवळ विद्यार्थिनीचा कसा?

अमेरिकेतील श्रीमंत शाळेची गोष्ट आपल्याला काय सांगणार, असे एखादा वाचक म्हणेल. तर आता आपण आपल्याच मातीतील एका मुलीकडे वळू. हीदेखील ख्रिस्ती घरातील, हीदेखील निवासी शाळेत शिकलेली, आणि हिने स्वतःच आपली कहाणी कादंबरीत लिहून ठेवलेली.

कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. हरिपंत आणि राधाबाई खिस्ती हे त्यांचे आईवडील. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले हे कुटुंब प्रॉटेस्टंट मिशनशी निगडित होते. वडील लवकर वारले. थोरला भाऊ भास्कर याने या धाकट्या बहिणीच्या बुद्धीला ओळखले, तिला पुस्तके दिली, तिच्याशी बरोबरीने चर्चा केली. तोही अकाली गेला. पुढे कृपाबाई मुंबईस मिशनच्या निवासी शाळेत शिकावयास गेल्या. तेथे एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरच्या सहवासाने त्यांच्या मनात वैद्यकीय शिक्षणाची इच्छा रुजली. इंग्लंडला जाण्याची संधी चालून आली होती, पण प्रकृती नाजूक म्हणून ती सोडावी लागली. १८७८ साली त्यांनी मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दार स्त्रियांसाठी उघडलेले नव्हते. ते उघडावयास १८८३ साल उजाडावे लागले. मद्रासला पहिल्या वर्षी कृपाबाईंनी उत्तम यश मिळविले, पण प्रकृतीने साथ सोडली आणि शिक्षण थांबले. पुढे सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला, उटकमंड येथे त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा चालविली, आणि १८९४ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या वारल्या.

त्यांची ‘सगुणा’ ही इंग्रजी कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या एका मासिकातून क्रमशः आली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९५ साली पुस्तकरूपाने निघाली. नाव कादंबरीचे असले तरी ती कृपाबाईंची स्वतःचीच कथा आहे. सगुणा भावांचा अभ्यास चालला असता जवळ बसून ऐकते आणि शिकते. आईला वाटते, मुलीने घरकाम शिकावे. पुस्तकांचे वेड तिच्या काय कामाचे? भाऊ मात्र तिला वाचावयास लावतो. पुढे गोऱ्या मिशन-बायांच्या वागण्यातील वरचढपणा तिला टोचतो, आणि ती तो टोचल्याचे लपवीत नाही. ज्यांनी शिकविले त्यांच्याविषयी कृतज्ञता आणि त्यांच्या अहंकाराविषयी स्पष्टपणा, दोन्ही त्या एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदतात.

सगुणा आणि फ्रँकी या दोघींमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. बुद्धी दोघींनाही मिळाली, दारेही दोघींसमोर बंद झाली. मग एक उघडपणे बोलली आणि दुसरीने मुखवटा घातला, असे का झाले? आमच्या मते त्याचे उत्तर भास्कर या एका नावात बरेचसे सापडते. सगुणेच्या घरात एक माणूस असा होता की ज्याच्यासमोर तिला आपली बुद्धी झाकावी लागली नाही. फ्रँकीच्या घरात तिच्यावर प्रेम करणारी माणसे होती, पण ती प्रेम करीत होती सशाच्या पिल्लावर. मनुष्य जसा आहे तसा कोणीतरी पाहिला, तर त्याला सत्याने उभे राहण्याचे बळ येते. हे बळ सगुणेला मिळाले.

येथे कोणी म्हणेल, नम्रता हा ख्रिस्ती गुण नव्हे काय? मुलीने आपली हुशारी मिरवावी, असे शिकवावयाचे काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून नम्रता म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. आविलाची संत तेरेझा हिने ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ १५७७ साली लिहिला. नम्रता देवाला इतकी प्रिय का, याचे तिने तेथे दिलेले कारण असे की देव स्वतः सत्य आहे आणि नम्रता म्हणजे सत्यात वावरणे. हे मान्य केले, तर आपल्याजवळ जे आहे ते नाही म्हणणे ही नम्रता ठरत नाही. जे आहे ते देवाचे देणे आहे असे मान्य करणे, ही नम्रता. डोंगरे वसविणाऱ्या गायीने आपल्याला दूध नाही म्हणावे आणि त्याला विनय म्हणावे, असा हा प्रकार आहे. प्रभूच्या दाखल्यातील ज्या चाकराने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरले, त्याने काही उधळले नव्हते, चोरले नव्हते. तरी धन्याचा राग त्याच्यावरच झाला. दिवा लावून तो मापाखाली ठेवीत नाहीत, हेही प्रभूनेच सांगितले. मुलीच्या हातातील दिव्यासाठी त्याने वेगळा नियम केल्याचे आमच्या वाचनात नाही.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आपण उद्धट म्हणतो. परंतु लूकच्या शुभवर्तमानात देवदूताचा निरोप ऐकल्यावर पवित्र मरियेने आधी प्रश्न विचारला आणि मग होकार दिला. तिच्या प्रश्नाने तिचा होकार लहान झाला नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांच्या मध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्नही विचारीत होता; त्यानंतर तो आईवडिलांबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न आणि आज्ञाधारकपणा यांचे वैर असते तर त्या एका प्रसंगात ती दोन्ही एकत्र नांदली नसती.

हे सांगताना आपल्याच घरातील एक जुनी चूक लपविणे बरे नव्हे. सतराव्या शतकात मेक्सिकोमध्ये हुआना इनेस दे ला क्रुस नावाची धर्मभगिनी होऊन गेली. लहानपणी तिने मुलाचा वेश करून विद्यापीठात जाऊ द्या म्हणून आईकडे हट्ट धरला होता. मठात राहून ती मोठी कवयित्री आणि विदुषी झाली. एका प्रवचनावर तिने लिहिलेली टीका पुएब्लाच्या महागुरूंनी १६९० साली छापविली आणि सोबत तिला धर्माभ्यासाकडे वळण्याचा उपदेश करणारे पत्र जोडले. त्या पत्राखाली महागुरूंनी स्वतःचे नाव न घालता एका काल्पनिक धर्मभगिनीचे नाव घातले. फ्रँकीने मुलाचे नाव घेतले, येथे महागुरूंनी स्त्रीचे नाव घेतले! हुआनाने १६९१ साली स्वतःच्या नावाने उत्तर लिहिले आणि स्त्रियांच्या अभ्यासाच्या हक्काची बाजू मांडली. पुढे तिचे ग्रंथ तिच्यापासून दुरावले, आणि १६९५ साली साथीच्या रोगात आजारी भगिनींची सेवा करता करता ती वारली. त्याच ख्रिस्तसभेने १९७० साली आविलाची तेरेझा आणि सिएनाची कॅथरीन यांना धर्मपंडित ही पदवी दिली, १९९७ साली लिझिएची तेरेझा आणि २०१२ साली बिंगेनची हिल्डेगार्ड यांना दिली. सभेलाही शिकावयास वेळ लागतो. आपल्या घरांना किती लागावा?

आता आम्हांला जे सांगावयाचे आहे ते सांगणे थोडे अवघड आहे. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी, आम्ही शाळेत असताना, आमच्या गावच्या सणाला वक्तृत्व स्पर्धा होती. थोरली बहीण बोर्डिंगमधून सुट्टीसाठी घरी आली होती. आम्हांला भाषण सुचेना, तेव्हा कंदिलाच्या उजेडात तिने एका रात्रीत ते लिहून दिले. कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा, हेही तिनेच शिकविले. पहिले बक्षीस आम्हांला मिळाले. बक्षीस होते एक फाउंटन पेन. घरी पाहुणे बसले होते; वडील अभिमानाने म्हणाले, “पोरगा हुशार आहे.” बहीण चुलीपाशी भाकरी थापीत होती. तिने आमच्याकडे पाहून हसल्यासारखे केले. आम्ही काही बोललो नाही. पुढच्या वर्षी घरात एकाच मुलाच्या शिक्षणापुरते पैसे उरले, आणि बोर्डिंगमधून ती घरी परत आली. त्या निर्णयात त्या भाषणाचा वाटा किती, हे देव जाणे. काहीच नव्हता असे मात्र म्हणण्याचे धैर्य आम्हांला नाही.

करावेच्या त्या बैठकीत, पुस्तक वाचून झाल्यावर दुसऱ्या रविवारी, आम्ही ही हकीकत प्रथमच सर्वांसमोर सांगितली. नात आजीकडे पाहू लागली. “आजी, तुला राग नाही आला?” बहीण बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, “त्या वेळी गंमत वाटली होती, बाळ. मग सवय झाली.”

आमच्या साऱ्या लेखापेक्षा त्या चार शब्दांत अधिक आहे. फ्रँकीलाही आधी गंमत वाटली होती. पडद्याआडून दोऱ्या ओढण्यात एक सुख असते, आणि ज्याला समोर येऊ दिले जात नाही त्याला ते सुख पुरेसे वाटू लागते. सवय झाली की झाकणाऱ्याला आपण काही झाकतो आहोत हेही कळेनासे होते, आणि ज्याच्यासाठी झाकले त्याला आपण घेतलेले बक्षीस आपलेच वाटू लागते. तेव्हा मुलीने शहाणपण झाकण्याने एकटीच्या आत्म्याचे नुकसान होत नाही. भावाच्याही आत्म्याचे होते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तरीही त्या मुलीला आम्ही फ्रँकी निर्दोष आहे असे सांगितले नाही. तिचा एक दोष तिचा स्वतःचाच आहे. जी माणसे तिला आत घेत नव्हती त्यांच्यावर हुकूम चालविणे हेच हळूहळू तिचे ध्येय झाले. शाळेच्या भोजनगृहातील निकस अन्नासारखा खरा प्रश्नही तिने हाती घेतला होता, पण मुलांची वाहवा तिला त्याहून मोलाची वाटली. ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने त्याची उभारणी होते, असे संत पौल करिंथच्या मंडळीला सांगतो, ते येथे आठवावे. सगुणेने बुद्धी रोग्यांसाठी वापरावयाची ठरविली होती. ते जमले नाही तेव्हा कृपाबाईंनी ती शाळेतल्या मुलींसाठी आणि लेखणीसाठी वापरली. बुद्धी कोणासाठी, हा प्रश्न मुलीला जरूर विचारावा. तो मुलालाही विचारावा. मात्र दिवा कोठे ठेवावा हे तिला सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने आधी त्यावरचे माप उचलले.

म्हणून आम्ही तिला उत्तर दिले ते असे : फ्रँकी चुकली, आणि शेवटी स्वतःच्या नावाने पत्र लिहून ती सत्यात परतली, पण तिच्या चुकीचा हिशेब मांडताना तिच्या वडिलांचे, मित्राचे आणि त्या शाळेचेही खाते उघडावे लागेल. तू चुकू नयेस असे वाटत असेल, तर आमचे खाते आधी तपासले पाहिजे. तिच्या वडिलांनी खर्चाचा कागद पुन्हा पुढे ओढला. या वेळी त्यात एक आकडा आमच्याकडून पडला. ते ऋण फार जुने आहे आणि एवढ्याने ते फिटत नाही, हे आम्ही जाणतो.

धर्मग्रामातील आईवडिलांना आमची एकच विनंती आहे. परीक्षेचे निकाल पुन्हा लागतील, शेजारीपाजारी घरी येतील, मुलीची स्तुती होईल. तेव्हा ‘मुलगी हुशार आहे’ एवढे म्हणून थांबावे. ‘पण’ जिभेवर आला तर तो गिळावा, आणि तिने प्रश्न विचारला तर बसून उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसेही सांगावे. तेवढ्याने देखील घरात एक भास्कर निर्माण होतो.